कॉक-ऑफ-द-रॉक: अँडीजचा पाहावा की गयानाचा?

कॉक-ऑफ-द-रॉक या दक्षिण अमेरिकेतल्या पक्ष्याच्या या दोन जाती. दोन्ही कोटिंगा कुळातले, दोन्ही फळांवर जगणारे, दोघांच्याही माद्या कड्याकपारीला चिखलाचं घरटं लिंपणाऱ्या. पण एवढ्या लांबचा प्रवास एकदाच जमणार असेल तर निवड करावीच लागते. मी दोन्ही पाहिलेत, त्यावरून सांगतो.

अँडीजचा भरवशाचा, हे आधीच कबूल करतो. पेरूत कुस्कोहून मानूच्या रस्त्याने ढगांच्या जंगलात उतरलात की पहाटे नरांचा आखाडा, म्हणजे माद्यांना भुलवायला नर जमून नाचतात ती जागा, भरलेला सहसा मिळतोच. इक्वाडोरमध्ये मिंदोच्या बाजूलाही जमतं. तिकडचे नर रक्तासारखे लाल, मानूकडचे नारिंगीकडे झुकणारे. आणि काय तो कलकलाट! चिरकणं, मधूनच घुरघुर, माना खाली घालून एकमेकांसमोर झुलणं. अंगावर काटा येतो.

अडचण उजेडाची. मी सलग तीन पहाटे जाऊन बसलो. नाच ऐन रंगात येतो तेव्हा एवढं झुंजूमुंजू असतं की लालही काळपट दिसतो. त्यात धुकं, त्यात नेमकी एखादी वेल आडवी. रंग उमटायला लागला की नर पांगायला लागतात. संध्याकाळीही आखाडा भरतो म्हणून गेलो, तर ढगच खाली उतरला. तीन दिवसांत डोळे भरून पाहिलं ते जेमतेम अर्धा मिनिट.

गयानात कायेतूर धबधब्याला जॉर्जटाऊनहून छोटं विमान तासाभरात पोचवतं. पुरेसे प्रवासी नसले तर ते उडत नाही, आणि खाली हातात दोनेक तासच. ऊन वर आलेलं, मी आशा सोडली होती. वाटाड्याने हात वर करून थांबवलं. आठ-दहा पावलांवर, कमरेइतक्या उंचीच्या फांदीवर नर गप्प बसलेला. शेंदूर फासलेल्या मारुतीचा रंग! चोच तुऱ्यात बुडालेली, तुऱ्याच्या काठाने बारीक तपकिरी रेघ, पंखांवर रेशमाचे सुटे धागे. एक धागा वाऱ्याने हलत होता, तोही दिसला. खाली जमिनीवर त्याचं पाला उडवून साफ केलेलं अंगण. अँडीजचे नर झाडांवर नाचतात, हे जमिनीवर उतरतात.

याच सहलीत इतर पक्ष्यांचीही मोठी यादी हवी असेल तर पेरू बरा पडेल. पण फक्त याच पक्ष्यासाठी पुन्हा पैसे साठवायचे झाले, तर मी जॉर्जटाऊनचं तिकीट काढेन आणि जमलं तर कायेतूरला एक रात्र राहीन. पीतज्वराची लस मात्र निघण्याआधी किमान 10 दिवस घ्या. परतताना भारतात दाखला विचारतात.