ड्रेड: फासे नाहीत, नुसता मनोरा

जुलैतल्या एका शनिवारी गुहागरच्या घरी वीज गेली, थोड्या वेळाने इन्व्हर्टरनेही मान टाकली. मग पडवीत कंदील लावून आम्ही ‘ड्रेड’ खेळलो. 2005 सालचा हा भयकथांचा रोलप्लेइंग गेम, म्हणजे एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं. यात फासे नाहीत. जेंगा या खेळातल्यासारखा 54 लाकडी ठोकळ्यांचा मनोरा मध्ये उभा करायचा (सारवलेली जमीन उंचसखल, म्हणून आम्ही पाटावर केला). पात्राला काही अवघड करायचं असेल तर एक ठोकळा काढून वर ठेवायचा. जमलं तर जमलं. मनोरा पडला, तर तुमचं पात्र गोष्टीतून गेलं.

एरवी आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्सवाले; तोही रोलप्लेइंग गेमच, पण फाशांचा. वीस बाजूंचा फासा टाकला की क्षणात निकाल, वाईट पडला तर फाशाला शिव्या. मग वाद: ‘अरे, मी उंचावरून मारलं, दोन जास्त धर ना!’ इथे तो हिशेबच नाही. बोटं आपली, चूक आपली.

गोष्ट सांगणारा मी. माझी गोष्ट होती मासेमारी बंदीत चोरून बोट काढलेल्या चौघांची. इंजिन बंद, अंजनवेलच्या दीपगृहाचा दिवाही दिसेना. पहिला तास कोणी घाबरलं नाही; भरल्या मनोऱ्यातून ठोकळे सहज निघतात, सगळ्यांचं लक्ष तळलेल्या गऱ्यांच्या डब्यात. मनोऱ्याला भोकं पडली तशी पडवी गप्प झाली. बोटीवरचा पोऱ्या पाण्यात पडला. आतेबहिणीने हात पुढे केला, मागे घेतला आणि म्हणाली, ‘नाही काढत.’ नियमात मुभा आहे, फक्त काम फसतं. पोऱ्या गेला. अर्धा तास ती कोणाशी बोलली नाही. शेवटी बाकीचे वाचावेत म्हणून तिनेच मनोरा ढकलून दिला. तसं मुद्दाम पाडलं तर काम फत्ते होतं, पात्र मात्र जातं. फाशाने असं कधी घडलेलं मला आठवत नाही.

खटकलं तेही सांगतो. साठीच्या काकांचा हात थरथरतो. गोष्टीत ते मुरलेले तांडेल (बोटीचे म्होरके), म्हणून साध्या कामांना मी त्यांना ठोकळा काढायला लावला नाही. पण वादळ आलं आणि पहिले तेच गेले. पुढचे दोन तास कंदिलाची वात वरखाली करत बसले. चार तास हाताशी असतील आणि खेळणारे पाचपेक्षा कमी असतील, तरच घ्या.

आणि पावसाळ्यात नकोच. चिपळूणहून आणलेले आमचे ठोकळे दमट हवेने फुगून एकमेकांना चिकटले होते. सध्या तांदळाच्या डब्यात आहेत, आईला अजून कळलेलं नाही.