‘डेज ऑफ ग्लोरी’ आधी बघावा की ‘तियारॉय’?

परवा मावसभावाचा फोन आला. दादा, शनिवारची एकच रात्र मोकळी आहे, फ्रेंच फौजेतल्या आफ्रिकन सैनिकांवरचे पिक्चर तू नेहमी सांगत असतोस, त्यातला कुठला लावू? फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून आता नीट लिहितोय. वसाहतीतली पोरं फ्रान्ससाठी लढली आणि नंतर त्यांना विसरले, इतपत सगळ्यांना माहीत असतं, ते परत सांगत नाही.

प्रश्न दोन पिक्चरचा आहे. रशीद बुशारेबचा २००६ चा ‘डेज ऑफ ग्लोरी’ (मूळ फ्रेंच नाव ‘आंदिजेन’) आणि उस्मान सेंबेन व थिएर्नो फाती सो या दोघांनी मिळून केलेला १९८८ चा ‘कां द तियारॉय’. ओमार सीचा २०२२ चा ‘तिरायर’ पण आहे, पहिल्या महायुद्धातला, मुलाला जबरदस्तीने भरती करून नेलं म्हणून बाप स्वतः फौजेत जातो अशी गोष्ट, ती बापलेकाची गोष्ट म्हणून चांगलीच आहे पण या दोघांच्या रांगेत मी तो धरणार नाही.

‘डेज ऑफ ग्लोरी’ मी तीनदा बघितलाय आणि तिन्ही वेळा जागचा हललो नाही. उत्तर आफ्रिकेतनं १९४३ मध्ये भरती झालेली चार माणसं, मग इटली, मग दक्षिण फ्रान्सचा किनारा, शेवटी आल्सासचा बर्फ. हे चौघे आणि त्यांचा सार्जंट, अशा पाचही मुख्य नटांना मिळून कान्सला अभिनयाचं बक्षीस मिळालं होतं ते उगाच नाही. त्यातल्या मेसऊदचं मार्सेमधल्या एका फ्रेंच बाईवर प्रेम बसतं, तो तिला पत्रं लिहितो, आणि ती पत्रं सेन्सॉरवाला अडवून ठेवतो. हा बिचारा प्रत्येक मुक्कामावर टपालाची वाट बघतोय. गोळीबाराच्या सगळ्या सीनपेक्षा मला ती टपालाची वाट बघणं जास्त लागलं. आणि एक गोष्ट या पिक्चरच्या बाजूने कायम राहणार, की तो आल्यावर खरोखर काहीतरी हललं. या माजी सैनिकांची पेन्शन १९५९ च्या कायद्याने गोठवून ठेवली होती, फ्रेंच सैनिकाची वाढत गेली आणि यांची तिथेच राहिली, ती फ्रेंचांच्या बरोबरीने आणायचं तेव्हाचे फ्रान्सचे अध्यक्ष शिराक यांनी २००६ च्या सप्टेंबरमध्ये, पिक्चर लागायच्या सुमारास जाहीर केलं. किती पिक्चरबद्दल असं म्हणता येतं?

तरी एक गोष्ट मला खटकते, आणि दर वेळी जास्तच खटकते. टोमॅटोचा सीन. जहाजावर जेवण वाढताना गोऱ्या सैनिकांना टोमॅटो आणि आफ्रिकन सैनिकांना नाही, तेव्हा चौघांतला अब्देलकादर टोमॅटोची पेटी पायाखाली तुडवतो, आम्हाला नाही तर कुणालाच नाही. सीन जबरदस्त आहे. पण पुढे काय, तर वरून हुकूम निघतो की सगळ्यांना टोमॅटो द्या, आणि विषय मिटला! मला कळत नव्हतं मी एवढा का चिडतोय. मग लक्षात आलं की पिक्चरभर हेच होतं, अन्याय एकेक प्रसंग बनून येतो, कधी रजा, कधी बढती, कधी पत्रं, आणि मधे मधे लढाई. शेवटी एक खेडं मूठभर माणसांनी लढवायचं, बहुतेकांनी मरायचं, म्हणजे बघणाऱ्याला पटणार की हे बरोबरीचे होते. माझं म्हणणं एवढंच की बरोबरीचं ताट मिळायला एवढं मरावं का लागावं? जो साधा होता, जो शूरवीर नव्हता, त्याचा टोमॅटोवर हक्क नव्हता का?

कदाचित मी जास्त विचार करतोय, पण याला घरचं कारण आहे. आमचे आजोबा मराठा पलटणीत होते आणि त्याच इटलीत होते, १९४४ मध्ये. यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तीच आघाडी. आजोबा आम्हाला लढाई कधीच सांगायचे नाहीत. सांगायचे ते पगाराचं. गोऱ्या सोल्जरला किती, आपल्याला किती, त्याला कसली सिगारेट आणि आपल्याला कसली, एकाच चिखलात पण तंबू वेगळे. हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा नाही, फक्त आकडे अगदी पाठ असायचे.

‘तियारॉय’मध्ये नेमकं हे आहे. लढाई नाहीच. पिक्चर सुरू होतो तेव्हा यांचं युद्ध संपलंय, जर्मन कैदेतून सुटून हे लोक सेनेगलमधल्या डाकारजवळच्या तियारॉय छावणीत आलेत, घरी जायच्या आधी थकलेला पगार घ्यायचाय, बस. जेवण वाईट मिळतं, अंगावरचे अमेरिकन युनिफॉर्म काढून घेतात, आणि मग पैसे बदलून देताना सांगतात की तुम्हाला निम्म्या भावाने मिळतील. इथेही एक भला फ्रेंच कॅप्टन आहे, रेमाँ. त्याला सैनिकांचं म्हणणं पटतं, तो वरिष्ठांशी भांडतोही, पण त्याच्या भलेपणाने एक फ्रँक वाढत नाही. टोमॅटोच्या सीनने जो प्रश्न मिटवून टाकला तो हा पिक्चर अडीच तास मिटू देत नाही.

जेवणावरनं तंटा पेटतो तिथे मला तर सरळ आपली मुंबई दिसली. कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या तळावर १८ फेब्रुवारी १९४६ ला नौसैनिकांनी जेवण नाकारलं ते अशाच खाण्यावरून आणि अशाच शिव्यांवरून, आणि तियारॉयचं हे १ डिसेंबर १९४४ चं, मधे जेमतेम सव्वा वर्ष. तियारॉयला फ्रेंचांनी पहाटे आपल्याच या सैनिकांना गोळ्या घातल्या, हे खरंच घडलेलं. फ्रेंचांनी तेव्हा पस्तीस मेले सांगितलं, पुढे सत्तरपर्यंत आले, इतिहासकार त्याहून बरेच जास्त सांगतात, आणि फ्रान्सच्या अध्यक्षांच्या तोंडी ‘हत्याकांड’ हा शब्द यायला २०२४ चा नोव्हेंबर उजाडला. सेंबेन स्वतः याच फौजेत शिपाई होते, ते जाणवतं. वेगवेगळ्या वसाहतींतली माणसं, एकमेकांची भाषा येत नाही, म्हणून सगळे मोडक्या फ्रेंचमध्ये बोलतात, आपल्या पलटणीतल्या हिंदुस्थानीसारखं.

एक माणूस विसरता येत नाही. पाई नावाचा शिपाई, बुकेनवाल्डच्या छळछावणीतून आलेला, बोलत नाही, डोक्यावर जर्मन हेल्मेट घालून फिरतो. छावणीत आल्या आल्या तो काटेरी तारेपाशी जातो आणि तारेला हात लावून बघतो. साथीदार त्याला समजावतात, अरे आपण घरी आलोय. त्या तारेचा अर्थ त्याच्या एकट्याच्या लक्षात आलेला असतो. पुढचं सांगत नाही, बघा.

आता त्याच्या अडचणी. पहिला तास संथ आहे, गोरे अधिकारी काही ठिकाणी नाटकासारखे बोलतात, आणि मी आधी जी प्रिंट बघितली ती इतकी काळपट होती की रात्रीचे सीन अंदाजानेच बघावे लागले. रिस्टोअर केलेली प्रिंट मिळाली तर तीच घ्या. सोबत घरचे चारजण बसणार असतील, कुणाला सबटायटलची सवय नसेल, तर ‘डेज ऑफ ग्लोरी’च लावा, कुणी उठून जाणार नाही. पण एकटा बसणार असशील, किंवा घरात कुणी फौजी होऊन गेलं असेल, तर माझं मत विचारशील तर आधी ‘तियारॉय’. ‘डेज ऑफ ग्लोरी’ नंतर आठवड्याने बघ, तेव्हा तोही वेगळा दिसतो.

बाबांना मी दोन्ही दाखवले. ‘डेज ऑफ ग्लोरी’ संपल्यावर बाबांनी डोळे पुसले, फार चांगला होता म्हणाले आणि झोपायला गेले. ‘तियारॉय’ संपला तेव्हा काहीच बोलले नाहीत. माळ्यावरची आजोबांची पत्र्याची ट्रंक काढायला लावली, त्यातलं डिस्चार्जचं पुस्तक शोधलं, चष्मा लावला आणि पगाराचं पान काढून कितीतरी वेळ एकेका आकड्यावर बोट फिरवत बसले.