क्रॅंकशाफ्ट: पॉलिश की ग्राइंडिंग?

इंजिनाचा खालचा भाग घरी उघडला की पहिला निर्णय क्रॅंकचा, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरतीत बदलणाऱ्या दांड्याचा. नुसतं पॉलिश करून स्टँडर्ड बेअरिंग टाकायचं, की ग्राइंडिंग करून ०.२५ मिमी अंडरसाइझ, म्हणजे आतून तेवढं लहान, बेअरिंग?

पॉलिश स्वस्तात होतं, पण जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रॅंकच्या गोल भागावर, नख अडकेल अशी रेघ नसेल आणि माप मॅन्युअलच्या मर्यादेत असेल तरच. प्रत्येक जर्नल काटकोनातल्या दोन दिशांनी मोजा, लंबगोल झालंय का ते तिथेच कळतं. नागपूरच्या मे महिन्यात क्रॅंक आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवा, सकाळी मोजा. क्रॅंक मायक्रोमीटरपेक्षा २५ अंशांनी गरम असला, तर ५० मिमीचं जर्नल सुमारे ०.०१४ मिमी जास्त भरतं. झिजलेलंही चांगलं वाटतं.

बेअरिंग जाम होऊन क्रॅंक निळसर पडला असेल, तर पॉलिशचा विचारच नको. ग्राइंडिंग मशीन शॉपमध्येच होतं. जर्नलच्या कडेची गोलाई तशीच राखायला बजावून सांगा. तिथे धारदार कोपरा राहिला की क्रॅंक तिथूनच तुटतो. परत आल्यावर तेलाची भोकं रॉकेल आणि बारीक ब्रशने धुवा, नाहीतर उरलेली भुकटी नवं बेअरिंग खाते.

दोन्हींत शेवटी प्लास्टिगेजने, म्हणजे दाबाने चपट्या होणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक पट्टीने, जर्नल आणि बेअरिंगमधली गॅप बघाच. बेअरिंगची कॅप टॉर्क रेंचने कसल्यावर क्रॅंक अजिबात फिरवू नका, पट्टी फासली जाते.