मल्टिप्लेक्सचा मासिक पास आणि मराठी चित्रपट : सात महिन्यांचा अनुभव

२०२५च्या ऑगस्टमध्ये मी एका मोठ्या मल्टिप्लेक्स साखळीचा मासिक पास घेतला. सात महिने तो वापरल्यावर, विशेषतः मराठी चित्रपट आवर्जून चित्रपटगृहात पाहणाऱ्यांसाठी, हा अनुभव लिहीत आहे. महिन्याला साधारण साडेतीनशे रुपयांत चार तिकिटे मिळतात, मात्र ती सोमवार ते गुरुवार एवढ्याच दिवसांसाठी असतात आणि रिक्लायनरची दालने त्यात येत नाहीत.

पैशांच्या दृष्टीने पास फायद्याचा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पुण्यात मी जातो तिथे शनिवार-रविवारचे तिकीट तीनशेच्या घरात जाते. २२ सप्टेंबर २०२५पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, पण त्यापुढच्या तिकिटांवर १८ टक्के कायम राहिला, त्यामुळे मल्टिप्लेक्सच्या प्रेक्षकाला त्याचा काही उपयोग झाला नाही. अशा स्थितीत महिन्यात दोन चित्रपट पाहिले तरी पासाची किंमत वसूल होते. हिंदी आणि इंग्रजी चित्रपटांच्या बाबतीत मला कधीच अडचण आली नाही.

अडचण मराठीची आहे आणि ती मला पहिल्याच महिन्यात समजली. १२ सप्टेंबर २०२५ रोजी ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ हे तीन मराठी चित्रपट एकाच शुक्रवारी प्रदर्शित झाले. तिन्ही पाहायचे असे मी ठरवले होते आणि पास हाताशी असल्याने सोमवारची वाट पाहिली. सोमवारी ॲप उघडले तेव्हा जवळच्या चित्रपटगृहात ‘दशावतार’चे संध्याकाळचे शो होते, उरलेल्या दोन्ही चित्रपटांच्या वेळा मात्र नोकरी करणाऱ्या माणसाला जमण्यासारख्या नव्हत्या. ‘दशावतार’ मी बुधवारी रात्री पाहिला. वयाची ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला दशावतारी नट बाबुली मेस्त्री मोठ्या पडद्यावर आणि भरलेल्या दालनात पाहायला मिळाला, हे या पासाने मला दिलेले सर्वात मोठे समाधान आहे. दशावतारी नाटक ज्यांनी तळकोकणात देवळासमोर रात्रभर बसून पाहिले असेल, त्यांना त्या अनुभवाची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

चित्रपटाला पुढच्या आठवड्यात किती शो द्यायचे, हे मुख्यतः पहिल्या तीन दिवसांच्या गर्दीवरून ठरते. ज्या मराठी चित्रपटाकडे जाहिरातीसाठी फार पैसा नसतो, त्याची चर्चा प्रेक्षकांच्या तोंडून पसरायला चार-पाच दिवस लागतात आणि तोवर त्याचे संध्याकाळचे शो गेलेले असतात. मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपट प्राइम टाइममध्ये दाखवावेत, असा निर्णय राज्य सरकारने २०१५मध्ये जाहीर केला. त्या वेळी संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ सांगितली गेली होती, पण मल्टिप्लेक्स चालकांशी चर्चा झाल्यावर ती दुपारी बारा ते रात्री नऊ अशी रुंदावली. मंगळवारी दुपारी साडेबाराचा शो या व्याख्येत बसतो, पण त्या वेळी कचेरीत असलेल्या माणसाला तो पाहता येत नाही.

पुढच्याच आठवड्यात, १९ सप्टेंबरला, रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ आला. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळवलेला हा चित्रपट मोजक्याच पडद्यांवर असणार, हे उघड होते. या वेळी मी सोमवारची वाट न पाहता रविवारी पूर्ण पैसे भरून गेलो. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेल्या आनंदची ती संथ, हळुवार गोष्ट घरच्या लहान पडद्यावर, मध्येच फोन उचलत, मला इतकी भिडली नसती.

एक तक्रारही नोंदवतो. नोव्हेंबरमध्ये एका मराठी चित्रपटाचा रात्रीचा शो, पुरेसे प्रेक्षक नाहीत म्हणून, सुरू होण्याच्या तासभर आधी रद्द झाला. रोख तिकीट काढलेल्यांचे पैसे परत मिळाले, माझ्या पासातले तिकीट मात्र वापरले गेले असेच दिसत राहिले आणि ते परत मिळवण्यासाठी मला तीन वेळा ईमेल करावे लागले. तोवर महिना संपला होता, आणि उरलेली तिकिटे पुढच्या महिन्यात चालत नाहीत.

त्यानंतर मी पास वापरण्याची पद्धत बदलली. हिंदी-इंग्रजी चित्रपट आणि दुसऱ्या आठवड्यात टिकलेले मराठी चित्रपट मी पासावर पाहतो. त्यातून वाचलेल्या पैशांत नव्या मराठी चित्रपटाचे तिकीट शुक्रवार ते रविवार यांपैकी एका दिवशी काढतो, शक्यतो कोथरूडसारख्या मराठी प्रेक्षक हमखास येणाऱ्या भागात. पासाचे नूतनीकरण मी मार्चमध्येही केले आहे. शुक्रवारच्या मराठी शोसाठी महिन्यातले एक जरी तिकीट लागू केले, तर मी पासासाठी दुप्पट पैसे आनंदाने देईन, आणि ग्राहकसेवेला तसे लेखी कळवलेही आहे.