डायमंड प्लेटवरचा "3000" आणि परतीचे सात दिवस

जाहिरातीत लिहिलं होतं: सुरीला धार लावायची, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी डायमंड प्लेट, एक बाजू 400 ग्रिट (आकडा जितका मोठा तितके दाणे बारीक), दुसरी 3000, शंभर टक्के अस्सल हिरा; 2,499 रुपये खोडून किंमत 449. खोक्यातून निघाली ती पोकळ प्लॅस्टिकच्या ठोकळ्याला दोन्ही अंगांनी चिकटपट्टीने डकवलेली पातळ पत्र्याची दोन पानं. पहिल्या दिवशी सुरीला धार उत्तम आली. महिन्याभरात प्लेटचा मधला पट्टा गुळगुळीत पडला, सुरी त्यावरून नुसती घसरू लागली. तक्रारीवर विक्रेत्याचं उत्तर आलं की परत करायची मुदत सात दिवसांची होती, ती संपली.

हा सगळा व्यवहार त्या सात दिवसांवरच बेतलेला आहे. डायमंडची कुठलीही नवी प्लेट, अगदी टाकाऊसुद्धा, सुरुवातीला जोरात घासते, कारण काही टोकदार दाणे बाकीच्यांपेक्षा वर आलेले असतात. गिऱ्हाईक खूश होतं आणि त्याच संध्याकाळी पाच तारे देऊन मोकळं होतं. खोट दिसते ती दाणे गळू लागल्यावर. म्हणून प्लेट हातात पडेल त्याच दिवशी तपासायची. सुरीला धार आली, एवढ्यावर समाधान मानायचं नाही.

हिराच खोटा असेल असा संशय बहुतेकांना येतो. तसं सहसा नसतं. कारखान्यात बनणारी हिऱ्याची भुकटी आता इतकी स्वस्त आहे की 449 रुपयांतही ती परवडते. विक्रेता काचेवर ओरखडा काढून "बघा, अस्सल हिरा" असं व्हिडिओत दाखवतो, त्यातूनही काही सिद्ध होत नाही. काचेवर साधा पॉलिश पेपरसुद्धा ओरखडे काढतो. लबाडी असते ती दाण्यांच्या निवडीत, दाणे धरून ठेवणाऱ्या निकेलमध्ये आणि खालच्या पत्र्यात.

या प्लेटवर हिऱ्याचा एकच थर असतो. पोलादी पत्र्यावर दाणे बसवतात आणि विजेच्या साहाय्याने त्यांच्याभोवती निकेल चढवतात. दाणा त्या निकेलमध्ये अर्ध्याहून जास्त बुडालेला असला तर टिकतो. निकेल चढायला वेळ लागतो आणि स्वस्त मालात नेमका तोच वाचवला जातो. थर पातळ राहिला की दाणे झिजत नाहीत, उपटून येतात. साध्या निसण्याचा वरचा थर गेला तर खालून नवा उघडा पडतो. इथे खाली नुसता पत्रा असतो, त्यामुळे टक्कल पडलेली जागा पुन्हा कधीच घासत नाही.

ग्रिटच्या आकड्यावर तर मुळीच विसंबू नये. जपानी मोजणीतला 1000 वेगळा आणि मेशचा, म्हणजे चाळणीच्या भोकांवरून केलेल्या मोजणीचा, 1000 वेगळा. दाणा किती मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ते बघावं. नीट माल बनवणारे ते छापतात: 325 मेश म्हणजे 45 मायक्रॉन, 600 म्हणजे 25, 1200 म्हणजे 9. प्लेटवर 3000 आहे पण मायक्रॉनचा पत्ताच नाही, तर तो आकडा शोभेचा समजावा. 3000 म्हणायचं तर दाणा पाचेक मायक्रॉनचा हवा. त्यात 40 मायक्रॉनचा एखादा दाणा मिसळला, तरी तो एकटा सगळ्या धारेवर चर पाडत जातो. भुकटी काटेकोरपणे वेगवेगळी निवडणं हेच या कामातलं खर्चाचं काम आहे, आणि स्वस्त प्लेटमध्ये त्यालाच फाटा दिलेला असतो.

तपासायला स्टीलचं जुनं उलथनं घ्या. पात्याच्या सपाट भागावर पेनाने दोन चौकोन आखा. वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून प्लेट ओली करा. एका चौकोनावर 400 ची बाजू आणि दुसऱ्यावर 3000 ची बाजू, सारख्याच दाबाने, एकाच दिशेने वीस-वीस वेळा फिरवा. पुसून घड्याळजीकडे असतं तसल्या दहापट भिंगातून बघा. 3000 च्या चौकोनातले ओरखडे नुसत्या डोळ्यांना वेगवेगळे दिसताच कामा नयेत. या प्लेटचे दोन्ही चौकोन जुळे निघाले, वर 3000 च्या चौकोनात मधूनच खोल चर. म्हणजे दोन्ही पानांवर एकच भुकटी, छापलेले आकडे तेवढे दोन.

दुसरी तपासणी सपाटीची. पोलादी पट्टी प्लेटवर उभी धरा, लांबीत आणि दोन्ही कर्णांवर, आणि उजेडाकडे तोंड करून फटीतून बघा. साधा झेरॉक्सचा कागद साधारण 0.1 मिलिमीटर जाड असतो. तो पट्टीखालून आरपार सरकत असेल तर प्लेट वाकडी आहे. भाजीच्या सुरीला एवढा बाक एक वेळ चालून जातो, पटाशी किंवा रंध्याच्या पात्याला अजिबात नाही. प्लॅस्टिकवर डकवलेल्या पत्र्यात आणखी एक दोष: मधे दाबलं की तो खाली जातो, त्यामुळे सुरीचा कोन दर फेरीला बदलतो आणि धार गोलटते. कोपऱ्याखाली नख शिरलं तर पुढचं काही न तपासता परत पाठवा, कारण पाणी तिथूनच आत जाऊन पत्रा सोडवतं.

तिसरी आणि सगळ्यात बोलकी तपासणी गाळाची. घासल्यावर जमलेलं काळं पाणी पांढऱ्या बशीत घ्या. काळेपणा सुरीच्या लोखंडाचा असतो, त्याला घाबरायचं कारण नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक त्यात फिरवा. काळा कीस त्याला चिकटून वर येईल. बशीत उरलेल्या पाण्यात बॅटरीच्या उजेडात चमचमणारे कण दिसले, तर ते प्लेटवरून सुटलेले दाणे. नव्या प्लेटचे थोडेसे सुटतातच. तिसऱ्या-चौथ्या वेळीही तितकेच सुटत असतील तर निकेल पातळ आहे.

विक्रेत्याची दोन ठरलेली उत्तरं असतात आणि दोन्ही अर्धी खरी असल्यामुळे माणूस गप्प बसतो. पहिलं: नवी प्लेट "रुळायला" वेळ लागतो. लागतो, पण रुळणं म्हणजे वर आलेले सुटे दाणे जाऊन घासणं एकसारखं होणं. रुळल्याने 400 चे 3000 होत नाहीत आणि टक्कल भरून येत नाही. दुसरं: तुम्ही जोरात दाबलं. जास्त दाबाने दाणे खरंच उपटतात, म्हणून हा आरोप आधीच मोडून काढा. प्लेट स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून धार लावा. सुरुवातीला आकडा 400-500 ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका, शेवटच्या फेऱ्यांना 150 च्या आत ठेवा. याचा व्हिडिओ काढला की विक्रेत्याला बोलायला जागा उरत नाही.

कोनाचंही तेच. पातं 45 मिलिमीटर रुंद असेल तर पाठीची कड प्लेटपासून 12 मिलिमीटर उचलली की साधारण 15 अंश होतात, 15 मिलिमीटर उचलली की 20. घरच्या मऊ स्टीलच्या सुरीला 20 च बरे. एका बाजूने घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला टोकापासून मुठीपर्यंत बारीक बर (धारेपलीकडे वळलेली पातळ कड) बोटाला लागेपर्यंत (बोट धारेवरून आडवं, कधीच लांबीत नाही). मग बाजू बदलायची, आणि शेवटी हलक्या हाताने आलटून-पालटून बर काढून टाकायची. टोमॅटोची साल कापायला 25 मायक्रॉनची एकच चांगली प्लेट पुरते. 3000 ग्रिट घरच्या सुरीला मुळात लागतच नाही, आणि फसवणूक नेमकी त्याच आकड्यावर विकली जाते.

मागवण्याआधी जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट घ्या: ग्रिट, वजन, विक्रेत्याचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनलं. पार्सल फोडताना लेबल दिसेल असा, मधे न थांबवता व्हिडिओ घ्या. परत करताना कारण "आवडलं नाही" किंवा "दर्जा कमी" असं न निवडता "वर्णनाशी जुळत नाही" हेच निवडा आणि उलथन्यावरच्या चौकोनांचा फोटो जोडा. ऐकलं नाही तर संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. त्यापुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. साडेचारशे रुपयांसाठी कोण एवढं करणार, याच हिशेबावर हा माल विकला जातो, म्हणून निदान 1915 वर नोंद तरी कराच.

तक्रारीनंतर "रिफंड देतो" म्हणून फोन आला आणि क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला सांगितलं, तर फोन ठेवा. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. पिन टाकून पैसे गेलेच, तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, कळवा.

पैसे परत मिळाले नाहीत आणि प्लेट पदरात पडलीच, तर तिने दुसरा निसणा सपाट करायला जाऊ नका. वाकडेपणा त्यात उतरेल आणि सुटलेले दाणे त्याच्या अंगात रुततील. खुरपं, विळा, कोयता यांची तोंडं काढायला ती संपेपर्यंत वापरा. सुरीवर वापरलीच तर पातं, मूठ आणि मधली खाच साबणाने घासून वाहत्या पाण्याखाली धुतल्याशिवाय भाजीला लावू नका.