विकास आराखड्यावर हरकत: सोय कशी आहे, कुठे फसते

शहराचा प्रारूप (मसुदा) विकास आराखडा, म्हणजे कुठल्या जागेवर रस्ता, मैदान, घरे हे ठरवणारा नकाशा, प्रसिद्ध झाला की महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 खाली कुणीही हरकत घेऊ शकतो. वकील लागत नाही आणि जमीन नावावर असण्याची अटही नाही. भाडेकरू, झोपडीत राहणारा, सगळ्यांना हा हक्क सारखाच आहे. या सोयीची ही सगळ्यात मोठी जमेची बाजू.

हरकत मात्र नेमकी हवी. ‘आमच्या भागात मैदान द्या’ एवढाच अर्ज गठ्ठ्यात हरवतो. नकाशाचा शीट क्रमांक, सीटीएस (नगर भूमापन) किंवा गट नंबर, आराखड्यात काय दाखवले आहे, जागेवर काय आहे आणि कोणता बदल हवा, हे सगळे एका पानात बसवा. फोटो जोडा. मैदानासाठी भांडत असाल तर केंद्राच्या 2015 च्या नियोजन मार्गदर्शक तत्त्वांतला माणशी 10 ते 12 चौ.मी. मोकळ्या जागेचा निकष लिहा. आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आराखड्याआधी विद्यमान भूवापर नकाशा (आज कुठल्या जागेवर काय आहे ते दाखवणारा) तपासा, कारण चुका तिथूनच शिरतात. मुंबईच्या 2015 च्या प्रारूपात उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते, वारसा वास्तू नकाशातून गळल्या होत्या. लोकांनी हे दाखवून दिले आणि त्या एप्रिलमध्ये आराखडा नव्याने करण्याचा आदेश निघाला. हरकतीत एवढी ताकद आहे.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते: महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे कमाल चार तज्ज्ञ. बोलायला मोजकी मिनिटे मिळतात, म्हणून लेखी म्हणणे सोबत न्या. खरी उणीव पुढे आहे. हरकत का फेटाळली, हे प्रत्येकाला लेखी कळवण्याचे बंधन कायद्यात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतला 11.3.2 हा निर्देशक नागरिकांच्या थेट आणि नियमित सहभागाची रचना आहे का, ते पाहतो. इथे आराखडाच 20 वर्षांतून एकदा होतो, आणि मधले फेरबदल कलम 37 खाली महिन्याभराच्या नोटिशीवर उरकतात. त्या नोटिशी वर्तमानपत्रात शोधाव्या लागतात.

मैदानाचे आरक्षण मिळाले, म्हणजे जागा मैदानासाठी राखली गेली, तरी काम संपत नाही. 10 वर्षांत जागा ताब्यात आली नाही तर मालक कलम 127 ची खरेदी सूचना (जागा ताब्यात घ्या, अशी नोटीस) देतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाचे पाऊल पडले नाही की आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. म्हणून अशी सूचना आली आहे का, हे माहिती अधिकारात दर वर्षी विचारत राहा.