दोरी हलेना, म्हणून २८ हजार गेले

वडिलांची फायबरची होडी देवबागला, कर्ली खाडीच्या काठाला असते. ते आजारी पडले तेव्हापासून तिचं ९.९ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन तीन वर्षं पडवीत ताडपत्रीखाली होतं. यंदा नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात घालायचं मी ठरवलं. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, त्याआधी मेकॅनिकांकडे रांग असते. एकजण मात्र लगेच घरी यायला तयार झाला. तेव्हाच शंका यायला हवी होती.

त्याने इंजिनाला हात लावला, इकडेतिकडे काहीतरी केलं आणि स्टार्टरची दोरी ओढली. जागची हलेना. मलाही ओढायला लावली. "पिस्टन धरलेत. बघा, दोरी तरी हलता काय?" स्वतःच्या हाताने ओढून पाहिल्यावर कोण नाही म्हणणार? पिस्टन, रिंगा, बोअर, पाण्याच्या पंपाचं किट, सगळे मिळून २८ हजार. इंजिन घेऊन गेला, आठ दिवसांनी चालू करून आणून दिलं. जुने पिस्टन मागितले तर म्हणाला, भंगारात घातले.

पहिल्याच फेरीत इंजिन थंड करून मागून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक होत होत थांबली. वडिलांनी लहानपणी एवढं एकच शिकवलं होतं, की धार थांबली की इंजिन बंद. वल्ही मारत परत आलो.

शेजारच्या आबांनी आयुष्यभर रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) होड्या चालवल्या आहेत. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "तेव्हा गियर खंय होतो?" आणि दांडा पुढे सरकवून म्हणाले, ओढ. दोरी तश्शीच घट्ट. न्यूट्रलला आणला, सर्रकन आली. गियरात असताना इंजिन चालू होऊन होडीने उडी मारू नये म्हणून बऱ्याच आउटबोर्डांना (होडीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनांना) हा लॉक कंपनीच देते. मी त्यालाच जाम समजलो.

मग त्यांनी हेडचे, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाचे, बोल्ट दाखवले. कंपनीचा रंग आणि त्यावरचा खार जसाच्या तसा, पाना लागल्याची खूणही नाही. पिस्टन बदलायला हेड तर उघडायलाच हवं. खालचा पंप खोलला तर आत जुनाच इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं रबरी चक्र, पाती वाकून कडक झालेली. बिलात "नवीन पंप किट" लिहिलेलं. त्याने केलं होतं काय, तर कार्बोरेटर साफ. टाकीत राहिलेलं पेट्रोल सुकून कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात, जेटमध्ये, चिकट थर धरतं, आणि इथेनॉलवालं पेट्रोल ओलावाही ओढतं, इंजिन चालू न होण्याचं खरं कारण तेवढंच होतं.

आबांनी इंपेलर, दोन्ही प्लग आणि गियर ऑइल बदलायला लावलं. जुनं ऑइल काळं निघालं, दुधासारखं नाही, म्हणजे सीलमधून पाणी आत गेलं नव्हतं. सगळं मिळून ३,४०० रुपये. पाण्याने भरलेल्या पिंपात उभं करून अर्धा तास चालवलं, धार शेवटपर्यंत जोरात. तुमचंही इंजिन असंच पडून असेल तर कोणाला बोलावण्याआधी गियर न्यूट्रलला आणा, प्लग काढा, सिलिंडरमध्ये थोडं टू-टी ऑइल सोडा आणि फ्लायव्हील (दोरीने फिरणारं जड चाक) हाताने फिरवून बघा. फिरलं तर पिस्टन धरलेले नाहीत.

बिल घेऊन त्याच्याकडे गेलो. वहीतल्या फाडलेल्या पानावर लिहिलेलं, ना शिक्का ना जीएसटी नंबर, आणि पैसे मी रोख दिलेले. अर्धा तास वाद घालून सहा हजार परत मिळाले. उरलेल्यांसाठी तो अजून "पुढच्या आठवड्यात" म्हणतो.